पत्रावरची तारीख

पांढरमाळला विहिरींचं पाणी मोजायचं काम साळूबाईकडं होतं. दर सोमवारी भाकऱ्या उरकल्या की ती गाठी मारलेला दोर खांद्यावर टाकायची आणि गावच्या सात विहिरी पायी फिरून यायची. दोराच्या टोकाला दगड बांधलेला. दगड पाण्याला टेकला की डुबुक असा आवाज यायचा. तिथं काठाशी चिमटीत दोर धरायचा, वर ओढायचा आणि गाठी मोजायच्या. हातभर अंतरावर एक गाठ. मग वहीत विहिरीचं नाव, तारीख आणि आकडा. चौथीपर्यंत शिकलेल्या या बाईनं तीन वर्षांत दोन वह्या भरल्या होत्या. दुसऱ्या वहीची पानं चाळताना तिचं तिलाच बरं वाटायचं, कारण पाणी वर येत चाललं होतं.

अठ्ठ्याण्णव सालच्या जानेवारीत मात्र पंधरा दिवसांत खालच्या अंगाच्या तिन्ही विहिरी चार-चार हात उतरल्या. गव्हा-हरभऱ्याला पाणी चालू होतं, पण ते मागच्या सालीही चालू होतं. आपलंच मोजताना चुकलं असेल म्हणून तिनं दुसऱ्या दिवशी पुन्हा दोर सोडला. आकडा तोच आला.

चार वर्षांमागं हीच बाई सात शेळ्या घेऊन डोंगराला असायची. नवरा गुंडा मुंबईला बाजारात माथाडी, वर्षातनं दोनदा गावी यायचा, एकदा जत्रेला आणि एकदा पेरणीला. दोन एकर कोरडवाहू रान, घर आणि शेळ्या हे सगळं तिच्या अंगावर. माण तालुक्यातलं जिणं तिला नवीन नव्हतं. माहेरही त्याच मुलखातलं. पाऊस पडला तर बाजरी, नाही पडला तर टँकर, एवढं तिला लहानपणापासून माहीत होतं. पण अलीकडं पावसाचा काही मेळच राहिला नव्हता. यायच्या वेळी यायचा नाही आणि आला की तासाभरात माळाची माती धुऊन न्यायचा.

तेव्हा मधुकर गावात आला. सांगलीचा माणूस, पस्तिशीतला, चष्मेवाला. आष्ट्याला एका संस्थेचं शिक्षण केंद्र होतं, तिथं कामाला. मोटारीतनं उतरून भाषण करून जाणाऱ्यांतला तो नव्हता. बिरोबाच्या देवळात लोकांबरोबर खाली बसला, कुणाच्याही घरी चटणी-भाकरी खाल्ली, आणि पहिल्याच बैठकीत म्हणाला, "पाऊस यापुढं आणखी लहरी होणार आहे. सगळ्या जगाची हवा तापत चालली आहे आणि त्याचा पहिला चटका तुमच्यासारख्या माळाला बसणार. आम्ही आज आहोत, उद्या नाही. तुम्ही इथंच राहणार. म्हणून काम तुम्ही शिकायचं, तुम्ही करायचं आणि काय करायचं ते ठरवायचंही तुम्हीच."

साळूबाई मागं खांबाला टेकून बसली होती. काय करायचं ते तू ठरव, असं तिला आजवर कुणीच म्हटलं नव्हतं. बापानं नाही, नवऱ्यानं नाही, तलाठ्यानं तर नाहीच.

गावातली पाच माणसं एकवीस दिवस आष्ट्याला शिकायला गेली. त्यात दोन बाया होत्या, एक साळूबाई. दहिवडीहून विट्याला, विट्याहून पुढं. विटा मागं पडलं तसा रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस लागला तो संपेचना. आष्ट्याजवळ पाटाला पाणी वाहत होतं आणि काठावर कुणी राखणीलाही नव्हतं. ती चपला काढून त्यात पाय सोडून बसली. बरोबरचा आप्पासो हसला. "साळूबाई, पाय भिजवायला आलीस व्हय गं हितवर?" ती म्हणाली, "बघू तर दे, रोज पानी बघनाऱ्या मानसाला कसं वाटत आसंल."

केंद्रात त्यांना माती ओळखायला शिकवलं, पाऊस मोजायला शिकवलं. तीन काठ्यांची चौकट आणि मधे सोडलेला ओळंबा, एवढ्यावर डोंगराच्या अंगावर सारख्या उंचीची रेघ कशी मारायची ते शिकवलं. त्या रेघेवर चर खणला की पाणी पळत नाही, जागीच मुरतं. शेवटच्या दिवशी टेकडीवर परीक्षा झाली. आप्पासोची रेघ टोकाला वीतभर चुकली. साळूबाईची बोटभरही चुकली नाही. मधुकरनं ती दोनदा तपासली आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "आता पांढरमाळला मी पाहुणा. गावच्या इंजिनियर साळूताई."

ती हे कुणाला कधी बोलून दाखवायची नाही, पण पुढं कित्येक दिवस चुलीपुढं बसलं की ते शब्द तिला ऐकू यायचे.

काम सुरू व्हायच्या आधी गावानं नेम पाळायचे होते. डोंगरावर कुऱ्हाड चालवायची नाही. तीन वर्षं गुरं-शेळ्या मोकळ्या सोडायच्या नाहीत. कुणी बोर घ्यायचं नाही, कुणी ऊस लावायचा नाही. श्रमदान सगळ्यांनी करायचं. रानवाल्यांनी माना डोलावल्या. अडलं ते शेळ्यावाल्या वीस-बावीस घरांशी. त्यांना डोंगर बंद म्हणजे दारच बंद. मधुकर तीन वेळा त्यांच्या दारी जाऊन आला. त्यांनी त्याला चहा पाजला आणि माघारी लावलं.

मग तो साळूबाईकडं आला. "तुमच्याशिवाय होणार नाही हे, साळूताई. तुम्ही त्यांच्यातल्या."

साळूबाईनं आधी स्वतःच्या सातही शेळ्या विकल्या. पांढऱ्या कानाची पाठ, अजून न व्यालेली तरणी शेळी, तिनं हातानं दूध पाजून वाढवली होती, तिचं दावं व्यापाऱ्याच्या हातात देताना ती तोंड फिरवून उभी राहिली. मग ती धोंडुबाईकडं गेली. धोंडुबाई तिच्यापेक्षा सहा-सात वर्षांनी मोठी, नवरा वारलेला, रान एक गुंठाही नाही. चौदा शेळ्या, एवढाच तिचा संसार. वीस वर्षं दोघी बरोबरीनं डोंगराला गेलेल्या.

धोंडुबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आमाला डोंगर बंद. आन सुभेदाराला काय बंद?"

सुभेदार म्हणजे नानासो. पलटणीतनं निवृत्त होऊन आलेला, ओढ्याकाठचं बारा एकर रान त्याचं, पाणलोट समितीचा अध्यक्षही तोच.

"त्येला बी हाय की," साळूबाई म्हणाली. "बोर न्हाई, ऊस न्हाई. नेम समद्यांस्नी सारखा. मधुकर सरांनी माज्यासमूर सांगितलंय."

"तो शिकल्याला मानूस, त्येचं मला काय कळत न्हाई. तू सांगतीस का?"

"मी सांगती, आक्का."

धोंडुबाई उठली, गोठ्याकडं बघत जरा उभी राहिली. "मग इकती," म्हणाली. तिनं विकल्या म्हटल्यावर बाकीची घरं आठवड्याभरात वळली. अक्षय्यतृतीयेला बिरोबाच्या देवळात सगळ्या गावानं भंडारा उचलून शपथ घेतली. सुभेदारानंही हातावर भंडारा घेतला, कपाळाला लावला. ते साल पंच्याण्णव.

पुढची तीन वर्षं साळूबाईला स्वतःकडं बघायला सवड मिळाली नाही. सारा डोंगर तिनं चौकट टाकून आखला. तिच्या रेघांवर गावानं चर खणले, बांधावर बिया टोकल्या, रोपं लावली. पहिल्या उन्हाळ्यात ती रोपांना डोक्यावरनं पाणी नेऊन घालायची. सुभेदाराच्या रानाच्या वरच्या टोकाला, ओढा जिथं अरुंद होतो तिथं, दगड-मातीचा मोठा बांध झाला. शहाण्णवच्या परतीच्या पावसात तो पहिल्यांदा भरला. सत्त्याण्णवला टँकर आला नाही. बाहेरगावची माणसं बघायला येऊ लागली. मधुकर सगळ्यांना साळूबाईपुढं उभं करायचा आणि म्हणायचा, "मला विचारू नका, यांना विचारा."

धोंडुबाई त्या तीन वर्षांत दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळीबरोबर सांगलीकडं जायची, ती उन्हाळ्यात परतायची. पन्नाशीला टेकलेली बाई, हातात कोयता. साळूबाई तिला म्हणायची, "येवडी तीन सालं काड, आक्का. मग गवात कापून घालायला मोकळीक हाय. दावणीला शेळ्या बांदून खुशाल ऱ्हा." धोंडुबाई म्हणायची, "काडायची की. बोलले न्हवं मी."

आणि आता विहिरी उतरल्या होत्या.

साळूबाई ओढ्याच्या कडेकडेनं खाली चालत गेली. सुभेदारानं दोन वर्षांपूर्वी डाळिंब लावलं होतं, विहिरीच्या पाण्यावर. डाळिंबाला गावाची काही हरकत नव्हती. बागेच्या मधोमध मात्र तिला झाडांच्या बुडाला पांढुरकी भुकटी पसरलेली दिसली, दगड दळल्यासारखी. अशी भुकटी कशानं होते हे तिला आष्ट्यात दाखवलं होतं. ती ओळींमधनं आत शिरली. कडब्याच्या पेंढ्या रचून आडोसा केलेला, त्याच्या आत लोखंडी पाईप, आणि पाईपाला हात लावला तर तो थरथरत होता. म्हसवडच्या यात्रेला सगळा गाव गेला होता, त्या दोन दिवसांत गाडी आणून बोर मारून घेतलं असणार. तिला रागाआधी ओशाळल्यासारखं झालं. आपण कुणाच्या घरात न विचारता शिरलोय, असं काहीतरी. मग ती सरळ देवळाकडं गेली आणि गुरवाला घंटा वाजवायला सांगितली. बैठक बोलवायची ही रीतही मधुकरनंच घालून दिली होती.

लोक जमले. साळूबाईनं वहीतले आकडे वाचून दाखवले आणि बोर बघितलं ते सांगितलं. देवळात कुजबुज झाली. सुभेदार आरामात भिंतीला टेकून बसला होता. तो नाकारील, चिडेल असं तिला वाटलं होतं. त्यानं खिशातनं घडी घातलेला कागद काढला.

"चोरून काय केल्यालं न्हाई," तो म्हणाला. "गावात उगं बोभाटा नगं म्हणून बोललो न्हाई. संस्थेची परवानगी हाय. बांधाला रान दिलं, त्येच्या बदल्यात एक बोर. मधुकररावांची सही हाय. वाचा कुणीबी."

कागद हातोहात फिरला. शिक्का बघितला, सही बघितली आणि लोकांनी तो पुढं सरकवला. साळूबाईपाशी आला तेव्हा तिनं तो गुडघ्यावर ठेवून बोटानं एकेक शब्द धरत वाचला. वाचता वाचता तिची नजर वर, उजव्या कोपऱ्यात गेली. दोन मार्च एकोणीसशे पंच्याण्णव.

तिनं पुन्हा वाचलं. शपथ अक्षय्यतृतीयेची. तिनं शेळ्या विकल्या त्या चैत्रात. धोंडुबाईकडं ती गेली तीही चैत्रात. म्हणजे ती धोंडुबाईच्या दारात बसून नेम समद्यांस्नी सारखा म्हणत होती, तेव्हा हा कागद सुभेदाराच्या पेटीत पडलेला होता.

"साळूबाई, काय म्हनती मग?" कुणीतरी विचारलं.

"कायबी न्हाई," ती म्हणाली. पेन्सिल मागून घेतली आणि कागदावरचा सगळा मजकूर तारखेसकट वहीत उतरवून काढला. लोक उठून गेले तरी तिचं लिहिणं चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी ती आष्ट्याला गेली. मधुकर त्याच्या खोलीत टेबलावर नकाशा पसरून बसला होता. तिला बघून त्याला आनंद झाला, खरंच झाला. "अहो साळूताई, असं अचानक? बसा, चहा सांगतो."

"च्या नगं." तिनं वही उघडून त्याच्यापुढं ठेवली. "ह्ये तुमीच लिवलंय का, तेवडं सांगा."

त्यानं वाचलं. चष्मा काढला, रुमालानं पुसला, पुन्हा घातला. "मीच लिहिलंय."

"तारीक बरूबर हाय?"

"हो." मग तो सांगू लागला, आणि त्यात खोटं काही नव्हतं. मोठा बांध दुसरीकडं कुठं बसलाच नसता. खाली पक्का खडक फक्त सुभेदारांच्या रानात होता. त्यांनी अट घातली. महिनाभर त्यांना समजावलं, ते हटेनात. मंजुरीची मुदत मार्चअखेर संपत होती. "सही केली नसती तर पांढरमाळला काहीच उभं राहिलं नसतं, साळूताई. चर नाहीत, बांध नाही. मला वाटलं होतं, गावात पाणी आलं की ते बोर घेणारच नाहीत. गरजच उरणार नाही."

"मग गावाला का न्हाई सांगितलं?"

"सांगितलं असतं तर शेळ्यावाल्यांनी ऐकलं असतं?"

"न्हाई."

"मग?"

"मग न्हाई ऐकलं आसतं," साळूबाई म्हणाली. "त्यांनी ठरवलं आसतं. तुमीच म्हनला व्हता, ठरवायचं तुमी."

मधुकरनं खिडकीकडं बघितलं. बाहेर कुठल्या तरी गावचे लोक टेकडीवर चौकट धरून उभे होते, जागा चुकली म्हणून हसत होते.

"बरं, गावाला न्हाई तर न्हाई," ती म्हणाली. "मला? मी तुमच्या हाताखाली शिकलेली. मला तरी एका शब्दानं सांगायचं व्हतं."

"तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही धोंडुबाईंकडं गेलाच नसता."

"व्हय. न्हवते जात."

"तुम्हाला खोटं बोलता येत नाही. म्हणून तर लोकांनी तुमचं ऐकलं." तो हे हळू आवाजात बोलला, जवळजवळ कौतुकानं, आणि बोलून झाल्यावर त्याच्या ध्यानात आलं की आपण काय बोललो.

एकवीस दिवस याच माणसानं साळूबाईला शिकवलं होतं. तिला वाटलं होतं त्यानं तिची अक्कल ओळखली, तिचा हात ओळखला. त्यानं ओळखलं होतं ते दुसरंच. ही बाई खोटं बोलत नाही, तेव्हा हिच्या तोंडून सांगितलं की खपतं.

"मी सुभेदारांशी बोलतो," मधुकर म्हणाला. "मोटर रोज दोनच तास चालवावी असं काही..."

तिनं वही पिशवीत घातली. "बोला," म्हणाली आणि निघाली. तो फाटकापर्यंत मागं आला. तिनं वळून बघितलं नाही.

परतीची एसटी पलूसवरनं जात होती आणि वाटेत कुंडल होतं. धोंडुबाईची टोळी कुंडलच्या शिवारात आहे हे तिला ठाऊक होतं. ती उतरली, विचारत विचारत फडापर्यंत गेली. धोंडुबाई तोडलेल्या उसाच्या मोळ्या बांधत होती. पाचटानं हात चिरलेले, तोंडाला फडकं गुंडाळलेलं. साळूबाईला बघून तिनं फडकं खाली घेतलं. "काय गं, कोन गेलं?" तिला वाटलं, गावाकडनं माणूस आलं म्हणजे कुणाची तरी वाईट बातमी.

"कोन न्हाई गेलं, आक्का." साळूबाईनं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. बोर, कागद, तारीख, आष्ट्यातलं बोलणं. काही राखून ठेवलं नाही.

धोंडुबाई ऐकत होती आणि मोळी बांधत होती. उसाच्या शेंड्याचं हिरवं वाढं पिळून घट्ट करून तिनं मोळी ढकलली आणि दुसरी ओढली.

"मधुकर माज्या दारात तीनदा आलता," ती म्हणाली. "तीनदा मी त्येला माघारी लावला. सुभेदार आला आसता तर त्येलाबी लावला आसता. त्यांच्यावर माजा इस्वास न्हवताच, मग त्यांनी माजं काय मोडलं?"

"मी बी फसले, आक्का."

"तुजं दोन एकर रान हाय. गुंडा मुंबईत हाय. तुज्या इहिरीला पानी आलं. तू फसलीस आन घरी गेलीस." तिचा आवाज चढला नाही. "माज्या चौदा व्हत्या, साळू. तेवड्याच व्हत्या."

साळूबाई खाली बसली आणि ऊस गोळा करून मोळी बांधायला लागली. धोंडुबाईनं तिच्या हातातलं वाढं काढून घेतलं. "ऱ्हाऊ दे. यष्टी चुकंल."

गावी आल्यावर साळूबाईनं बैठकीत दोनपैकी एक गोष्ट मागितली. एक तर बोर बंद करा, नाहीतर डोंगराचा उगवतीकडचा तिसरा हिस्सा शेळ्यावाल्यांना मोकळा करा. कुठला भाग सोसेल, कुठली रोपं अजून कोवळी आहेत हे तिनं आखून आणलं होतं. सुभेदार बोललाच नाही. बोलला तो आप्पासो, तिच्याबरोबर शिकलेला, तिच्याबरोबर चर आखलेला.

"सुभेदारानं एक बोर घेतलं म्हणून आपुन आपला डोंगर आपल्याच हातानं बोडका करायचा का?" तो म्हणाला. "तूच आखलाईस की गं ह्यो डोंगर."

तो चुकीचं बोलत नव्हता, आणि त्याचाच तिला जास्त त्रास झाला. हात वर करायला सांगितले. ज्यांच्या विहिरींना पाणी आलं होतं त्यांचे हात खालीच राहिले. शेळ्यावाली निम्मी घरं तर ऊसतोडीला गेलेली होती. ठराव पडला. वर समितीनं चराईबंदी आणखी दोन वर्षं वाढवली.

फाल्गुनात तरसवाडीचे लोक टेंपो करून काम बघायला आले. मधुकर त्यांच्याबरोबर होता. त्यांना डोंगर दाखवून झाला, बांध दाखवून झाला आणि रीतीप्रमाणे सगळे देवळात साळूबाईपुढं येऊन बसले. मधुकर तिच्याजवळ आला. "खरं तेच सांगा, साळूताई. पण सगळं आजच सांगितलं पाहिजे असं नाही. या लोकांना अजून सुरुवात करायची आहे."

साळूबाईनं त्यांना चौकट धरायला शिकवलं. ओळंबा वाऱ्यानं हलला तर काय करायचं, चराची माती कुठल्या अंगाला टाकायची, पाऊस कसा मोजायचा, सगळं सांगितलं. तासभर बोलली. पुढं बसलेल्या एका बाईनं विचारलं, "आन आमच्या शेळ्यांचं कसं करायचं?"

"शेळ्या लगेच इकू नगा," साळूबाई म्हणाली. "ज्येच्या रानात मोटा बांध बसनार हाय, त्येच्याशी काय बोलनं झालंय ते आदी देवळात मोट्यानं वाचून घ्या. कागुद आसंल तर तारीक बगा. आमच्यात वाचला न्हाई. मी बी इचारलं न्हाई. माज्या सांगन्यावर एका बाईनं चौदा शेळ्या इकल्या, ती आता कुंडलला ऊस तोडती." मग तिनं सुभेदाराचं नाव घेऊन सगळी हकिकत सांगितली. सुभेदार उठून निघून गेला. मधुकर खांबापाशी उभा होता. त्यानं तिला अडवलं नाही आणि मान वर करून बघितलंही नाही.

त्यानंतर आष्ट्याहून तिला बोलावणं आलं नाही. पाहुणे येत राहिले, त्यांच्यापुढं आता आप्पासो बोलू लागला. दीड महिन्यानं त्याच्याच हाती मधुकरचा निरोप आला. तरसवाडीच्या लोकांनी कागद वाचायचा हट्ट धरला, तिथला रानवाला बिथरला, म्हणाला माझ्या रानात बांध नको. काम रद्द झालं. एवढाच निरोप होता, त्यात ठपका नव्हता.

त्या उन्हाळ्यात तरसवाडीला टँकर चालू झाला. दहिवडीच्या बाजारात साळूबाईला तीच बाई भेटली, देवळात प्रश्न विचारणारी. म्हणाली, "आमच्यात कायबी झालं न्हाई बगा. ना चर, ना बांध. शेळ्या हायत्या तेवड्या हायत्या." ती तक्रार करतेय की उपकार मानतेय, हे साळूबाईला कळलं नाही. तिला विचारायचा धीरही झाला नाही. घरी येईपर्यंत तिच्या डोक्यात एकच चाललं होतं. मधुकर म्हणाला होता तसंच झालं होतं. आणि तरीही त्या बाईला आपण दुसरं काय सांगायला हवं होतं, ते तिला सापडत नव्हतं.

वैशाखात धोंडुबाई परतली. येताना दोन शेळ्या घेऊन आली. चौथ्या दिवशी सकाळी, सगळा गाव बघत असताना, तिनं त्या दोन शेळ्या पुढं घातल्या आणि डोंगराची वाट धरली. डोंगरावर देखरेख करायचं कामही साळूबाईकडंच होतं. ती मागोमाग गेली.

उगवतीच्या उतारावर धोंडुबाई दगडावर बसली होती. शेळ्या चराच्या कडेला गेल्या. तिथं कडुलिंबाचं रोप होतं, कमरेएवढं झालेलं. त्याला साळूबाईनं पहिल्या उन्हाळ्यात दिवसाआड घागर घातली होती. एक शेळी पुढचे पाय उचलून उभी राहिली आणि तिनं शेंडा खुडला. मग खालची पानं. साळूबाई बघत राहिली. हाड म्हणून तिनं शेळी हाकली नाही.

"काय बोलायचं आसंल तर बोल," धोंडुबाई डोंगराकडं बघत म्हणाली. "कमिटीनं लावलंय न्हवं तुला."

"कायबी न्हाई," साळूबाई म्हणाली. "त्या अंगाची रोपं मोटी झाल्यात, तिकडं घाल जमलं तर."

धोंडुबाईनं शेळ्या हलवल्या नाहीत. संध्याकाळी समितीनं साळूबाईला बोलावून विचारलं, डोंगराला कोण गेलं होतं. ती म्हणाली, मी गेले होते. त्याच बैठकीत तिनं देखरेखीचं काम सोडलं. आठवड्याभरात आणखी चार घरांच्या शेळ्या वर गेल्या आणि दसऱ्यापर्यंत उगवतीचा हिस्सा कुठल्याही ठरावाशिवाय मोकळा झाला. काही चर ढासळले, काही टिकले. सुभेदाराचं डाळिंब त्या साली चांगलं आलं.

पुढं दोघी पुन्हा बोलायला लागल्या. एकमेकींच्या घरी जाणं-येणं झालं, सणाला पुरणपोळीचं ताट गेलं. धोंडुबाईच्या दोनाच्या सहा शेळ्या झाल्या. पण एक गोष्ट राहिली ती राहिलीच. साळूबाईनं काहीही सांगितलं, रेशनला साखर आलीय असं जरी, तरी धोंडुबाई आधी विचारायची, "कोन म्हनलं?" आणि साळूबाई कोण म्हणालं ते सांगायची.